मोर्चात पुढे, पाण्याला मागे

एप्रिल महिना लागला की आम्हा कार्यकर्त्यांना भाषणांची बोलावणी येऊ लागतात. १४ तारखेच्या आगेमागे शहापूर-मुरबाड भागात गावोगावी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती होते आणि ‘एखाद्या बाईनेही बोलावे’ म्हणून आमच्यापैकी कुणा एकीचे नाव पत्रिकेत घातले जाते. काही वर्षांपूर्वी अशाच एका जयंतीला मी निघाले होते. खर्डी आणि कसारा यांच्या मधल्या उंबरमाळी स्टेशनवर उतरून पुढे जीपने जायचे होते. गावाचे नाव इथे देत नाही, कारण जे सांगणार आहे ते एकाच गावापुरते नाही. विषय ठरवूनच गेले होते : महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह. मंडप छान सजवला होता. निळे झेंडे, पताका, लाऊडस्पीकर. पुरुषांच्या खुर्च्या भरलेल्या, पण बायकांसाठी अंथरलेल्या सतरंजीवर दोन म्हाताऱ्या आणि चार पोरी. मी संयोजकांना विचारले, तर ते ओशाळून म्हणाले, “ताई, टँकर आलाय. तुम्ही सुरू करा, येतील त्या.”

मी सुरू केले. पाण्याच्या हक्कावर पाऊण तास बोलले. टाळ्याही मिळाल्या. ज्यांच्यासाठी बोलायचे त्या बायका हंडा-कळशी घेऊन आल्या तेव्हा आभारप्रदर्शन चालू होते.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घर करून आहे. महाडच्या सत्याग्रहाचे आपण एक चित्र करून टाकले आहे : तळ्याची पायरी, वाकलेले बाबासाहेब, ओंजळीत पाणी. चित्राला हार घालता येतो. त्या चित्रातला जाब मात्र आपल्याला, म्हणजे स्त्रियांच्या संघटनांनाही, विचारला जातो आहे हे आपण विसरतो. या लेखात तो जाब मांडायचा प्रयत्न करते. त्यात माझी स्वतःची चूकही सांगावी लागेल.

धरणांच्या मुलखात टँकर

आधी आमच्या भागाविषयी थोडे. शहापूर तालुक्याला धरणांचा तालुका म्हणतात. तानसा धरण १८९२ सालचे, इंग्रजांनी मुंबईसाठी बांधलेले. शहापूर आणि त्याच्या शेजारच्या तालुक्यांत मग वैतरणेवरचे मोडकसागर आले, १९५७ साली. त्यानंतर भातसा आले आणि २०१४ साली मध्य वैतरणा. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा फार मोठा वाटा या डोंगरांतून जातो. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस पडतो, पण कातळ पाणी धरून ठेवत नाही. होळीच्या सुमारास विहिरी तळ गाठतात आणि एप्रिल-मे महिन्यांत वाड्या-पाड्यांवर टँकर फिरू लागतात. धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या लेकी-सुना टँकरच्या मागे धावतात. भावली धरणातून पाणी आणण्याची योजना, २०१९ सालचे जल जीवन मिशन, घराघरात नळ, हे सगळे ऐकत ऐकत आमच्याकडच्या मुली सासरी गेल्या.

पाणी आणणे हे बाईचे काम आहे असे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाही, पण पहाटे चारला विहिरीवर कंदील किंवा मोबाईलचा उजेड दिसला तर तो बाईच्याच हातात असतो. पुरुष पाण्याला गेलाच तर मोटरसायकलला दोन ड्रम बांधून जातो. पाणी डोक्यावर असेल तोवर बाईचे आणि चाकावर आले की पुरुषाचे, अशी ही वाटणी. म्हणून पाण्याच्या प्रश्नावर आम्ही बायकांना संघटित करतो आणि ते बरोबरच आहे. पण ‘बायका’ म्हटल्यावर सगळ्या बायका एका रांगेत उभ्या राहतात असे आपण गृहीत धरतो. तिथेच गडबड आहे.

कागद आणि पाय

महाडला नेमके काय झाले ते पुन्हा एकदा पाहू, कारण ओंजळीच्या चित्रात निम्मी हकिगत सुटून जाते.

ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव आणला आणि तो मंजूर झाला. सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असा तो ठराव होता. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क कागदावर आला होता. तरी तीन वर्षे कुणी अस्पृश्य त्या तळ्यावर पाणी भरू शकला नाही. मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, तेव्हा जमलेल्या हजारो माणसांना प्यायला परिषदेने चाळीस रुपयांचे पाणी विकत घेतले. गावात भरलेले तळे, ते कायद्याने खुले, आणि पाणी मात्र विकत! आमच्या भागातल्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही.

२० मार्चला परिषदेतली माणसे रांगेने तळ्यावर गेली. बाबासाहेब तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. ते पाणी प्याले, मग सगळे प्याले. तळ्याचे पाणी प्यालो नाही म्हणून आम्ही मरत नव्हतो, आम्हीही इतरांसारखी माणसे आहोत हे सांगायला आम्ही तळ्यावर जात आहोत, अशी त्यांची भूमिका होती आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत ती त्यांनी स्पष्ट करून सांगितली.

पाणी प्याल्यावर दोन तासांत अफवा उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मंडपात जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या घेऊन हल्ला झाला, अन्न मातीत मिसळले, बायकापोरांनाही मार बसला. आपल्या परिषदेत सैन्यात नोकरी करून आलेले गडी कमी नव्हते. त्यांनी मनावर घेतले असते तर महाडात रक्ताचे पाट वाहिले असते. बाबासाहेबांनी त्यांना हात उचलू दिला नाही. हल्लेखोरांवर खटला भरला गेला. नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरींनी तळ्याची ‘शुद्धी’ झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा हजारो माणसे सत्याग्रहाला आली तर कोर्टाचा मनाई हुकूम हजर! २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावर जाणे बाबासाहेबांनी स्थगित केले. लोक चिडलेले होते. त्यांना समजावून, मिरवणूक काढून ते शिस्तीने परतले. दावा चालत राहिला. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने रूढीचा दावा फेटाळला. ओंजळभर पाण्यापासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली.

हा सगळा क्रम मी मुद्दाम सांगते. अहिंसा म्हटले की आपल्याकडे सोशिकपणा डोळ्यापुढे येतो आणि बायकांना तर तो जन्मापासूनच शिकवलेला असतो. मार खाऊन गप्प बसणाऱ्या बाईला कुणी सत्याग्रही म्हणत नाही. महाडची अहिंसा वेगळी होती. आपला हक्क काय हे तिला नेमके ठाऊक होते, तो बजावायला ती सर्वांसमक्ष चालत गेली, हल्ला झाल्यावर उलटा वार न करता ती कोर्टात उभी राहिली आणि हुकूम आड आल्यावर हक्क न सोडता थांबली. मार खाणे तिला भाग पडले, ते तिने ध्येय मानले नव्हते. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘सहन कर’ म्हणणाऱ्यांनी अहिंसेचे नाव घेऊ नये.

ओंजळ कुणाची, घागर कुणाची

इथे स्त्री म्हणून माझा एक प्रश्न आहे. त्या दिवशी तळ्यावर ओंजळ भरली गेली. त्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्या घरांत पाणी कोण आणत होते? कुठून आणत होते? पाणवठ्याच्या कडेला घागर ठेवून, कुणी सवर्ण बाई दया येऊन पाणी ओतील म्हणून तासन्‌तास कोण बसत होते? पाण्यावरचा अपमान रोज डोक्यावर घेऊन येणाऱ्या बायका होत्या. इतिहासाच्या पुस्तकात त्या ‘स्त्रियाही मोठ्या संख्येने हजर होत्या’ एवढ्या एका वाक्यात बसवल्या गेल्या. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक लिहून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना बोलते केले, तेव्हा कुठे ही नावे आणि आवाज आपल्यापर्यंत पोचले. आमच्याकडून कसारा घाट चढून गेले की नाशिक. तिथे मार्च १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दाराशी बसलेल्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुषांबरोबर २५ स्त्रिया होत्या. त्यांतल्या किती जणींची नावे आपल्याला पाठ आहेत?

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत १ डिसेंबर १९५५ रोजी मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडायला नकार दिला. त्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या कॉलेजात शिकवणाऱ्या बाईने जागून हजारो पत्रके छापली आणि त्यांच्या महिला संघटनेने ती सकाळी वाटली. धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या काळ्या बायका ३८१ दिवस बसमध्ये न बसता पायी कामाला गेल्या, नाहीतर मिळेल त्या गाडीतून गेल्या. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव जगभर झाले आणि ते योग्यच झाले. पण चालून पाय कुणाचे सुजले, हेही आठवायला हवे.

महाडलाच, डिसेंबर १९२७ मध्ये, बाबासाहेब स्त्रियांच्या सभेत वेगळे बोलले. मुलींना शिकवा, दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला जेवायला वाढू नका, अस्पृश्यपणाची खूण सांगणारे कपडे-दागिने टाका, असे त्यांनी सांगितले. बायकांनी लुगडे नेसण्याची पद्धत लगेच बदलली. यावर मला एक टोचणीही आहे. समाजाचा मान वाढवायचा तर आधी बाईने नेसणे बदलायचे, ही जबाबदारी पुन्हा बाईच्याच अंगावर आली. पण ज्या बाईला गुडघ्याखाली लुगडे नेसायचीही मुभा नव्हती तिला त्या दिवशी काय वाटले असेल, हे माझ्यासारखीने ठरवू नये, एवढे मला आता कळते. शिवाय हा माणूस नुसता उपदेश करून थांबला नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाची त्यांनी बाजू घेतली. १९५१ साली हिंदू कोड बिल रखडले तेव्हा कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. स्त्रियांच्या वारसा हक्कासाठी, घटस्फोटाच्या हक्कासाठी खुर्ची सोडणारे किती मंत्री आपण पाहिले?

आमचा मोर्चा

आता माझ्या चुकीकडे येते.

त्या जयंतीनंतर मी जोमाने कामाला लागले. गावात आमचा महिला गट होता. मुख्य गाव, दोन पाडे आणि एक कातकरी वाडी, अशी एकच सार्वजनिक विहीर. टँकर यायचा तो विहिरीत ओतून जायचा आणि मग बायका पोहऱ्याने शेंदून भरायच्या. टँकर चार दिवसांआड, तोही बेभरवशाचा. आम्ही हंडा मोर्चा काढायचा ठरवला. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात समुदाय संघटनेचा पेपर असतो. त्यात ‘सर्वांत वंचित गटाचा सहभाग’ हे शब्द मी स्वतः परीक्षेत लिहिले होते. तेव्हा वाडीवर दोन वेळा गेले, बैठक घेतली. वाडीतली धडधाकट माणसे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या आणि पोरीसोरी आल्या. चौदा जणी. मोर्चात आम्ही त्यांना सगळ्यात पुढे ठेवले. रिकामे हंडे, फाटकी लुगडी. फोटो चांगला आला, वर्तमानपत्रात छापून आला. अधिकाऱ्यांनी निवेदन घेतले. आठ दिवसांत टँकर एक दिवसाआड येऊ लागला. आम्ही यश मिळाले म्हणून गटात गूळ-शेंगदाणे वाटले.

पंधरा दिवसांनी मी पहाटे विहिरीवर गेले. टँकर नुकताच ओतून गेला होता. काठावर गावातल्या बायका, त्यांच्या मागे पाड्यांवरच्या. कातकरी वाडीच्या बायका विहिरीपासून वीसेक पावलांवर एका झाडाखाली बसलेल्या, हंडे पालथे घालून. मी म्हटले, “तुम्ही रांगेत का नाही?” मोर्चात माझ्या शेजारून चाललेली एक म्हातारी माझ्याकडे न बघताच म्हणाली, “ताई, मोर्चात आम्ही पुढं, पाण्याला मागं.”

त्यांचा नंबर आला तेव्हा पोहऱ्यात गढूळ पाणी येत होते.

मला माहीत नव्हते असे म्हणून सुटता येणार नाही. मी या भागात तेव्हा सहा वर्षे काम करत होते. मी विहिरीवर अनेकदा गेले होते, पण रांग पाहिली नव्हती. मी पाण्याची पातळी पाहत होते, टँकरच्या फेऱ्या मोजत होते, सह्या घेत होते. टँकर कमी येतो याचा दोष सरकारचा होता. आलेले पाणी कुणी आधी भरायचे याचा दोष सरकारवर ढकलता येत नव्हता. तो आमच्या गटातल्या, माझ्या जवळच्या, मोर्चात घसा फोडून घोषणा देणाऱ्या मैत्रिणींचा होता. आणि त्यांना तो कधी विचारला नाही, हा माझा.

कायदा जिथे हात टेकतो

कुणी म्हणेल, कायदा आहे की. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखण्याचा १९८९ चा कायदा आहे. २०१५ साली त्यात दुरुस्ती झाली तेव्हा विहीर, तळे, नळ असे पाणवठे वापरण्यात अडथळा आणणे हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिले गेले. जिथे तो लागू होतो तिथे तो लावलाच पाहिजे, कुणाच्या समजुतीची वाट पाहू नये. पण आमच्या विहिरीवर काय होते पाहा. काठावरच्या बायकांत कुणबी होत्या, तशा ठाकर आणि महादेव कोळीही होत्या. म्हणजे पुढे असलेल्यांतल्या कितीतरी जणी स्वतःच आदिवासी. अनुसूचित जमातीच्या बाईने अनुसूचित जमातीच्याच बाईला मागे ठेवले तर हा कायदा हात टेकतो. शिवाय कुणी कुणाला हटकत नव्हते, शिवी देत नव्हते. वाडीच्या बायका आपणहून झाडाखाली बसत होत्या. इतक्या पिढ्या त्यांना तिथे बसवले गेले होते की आता बसवावे लागत नव्हते.

अशा वेळी महाडची वाट उपयोगी पडते असे मला वाटते. तिथेही कागद होता आणि पाणी नव्हते. तिथेही चालत जाऊन रूढी मोडावी लागली. फरक इतकाच की आम्हाला रूढी मोडायची होती ती आपल्याच गटात.

आम्ही गटाची बैठक बोलावली. तीन तास चालली आणि फार कडवट झाली. “वाडीच्या बायकांना काही त्रास नाही, तुम्हीच त्यांच्या डोक्यात भरवता,” असे एकीने सुनावले. “त्या उशिरा येतात,” असे दुसरी म्हणाली. “आधी पाणी पुरेसे येऊ दे, मग बघू,” असे बऱ्याच जणींचे मत पडले. वाडीवरून आलेल्या तिघी गप्प बसून होत्या. शेवटी आमच्याच गटातली एक विधवा बाई उठली. तिला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही. ती म्हणाली, “मागं बसायचं कसं असतं ते मला इचारा.” त्यानंतर ठराव झाला : टँकर येण्याआधी जी हंडा लावील तिचा नंबर, गाव-पाडा-वाडी बघायची नाही.

पहिल्या दिवशी गटातल्या पाच जणी आपले हंडे मागे लावून वाडीच्या बायकांबरोबर रांगेत उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी वाद झाला. वाडीवरची एक तरुण सून दोर हातात घेऊन शेंदत होती. कुणीतरी तिच्या हातातून दोर ओढला, तिचा भरलेला हंडा लाथेने कलंडला. भट्टीवरून नुकतेच परतलेले वाडीचे दोन-तीन तरुण काठ्या घेऊन धावत आले. गावातलेही जमले. पुढचे सांगायची मला भीती वाटते, कारण सगळे एका काठीवर येऊन ठेपले होते. त्या तरुणांना वाडीच्या म्हाताऱ्यांनी अडवले. जिचा हंडा सांडला होता ती सून हलली नाही. तिने हंडा सरळ केला आणि पुन्हा दोराला हात घातला. आमच्या पाच जणी तिच्या दोन्ही बाजूंना जाऊन उभ्या राहिल्या. कुणी घोषणा दिली नाही. तिने दुसऱ्यांदा हंडा भरला आणि मग पुढचीने भरला.

तिला महाड ठाऊक होते का? बहुधा नाही. वाडीवर जयंतीचा मंडप कधी पडलेला नाही.

आधी रांग, मग मोर्चा

यानंतर सगळे सुरळीत झाले असे लिहिण्याचा मोह होतो. तसे झाले नाही. आमच्यापैकी कुणी हजर असले की रांग ठरावाप्रमाणे लागते. नसले की कधी लागते, कधी नाही. गटातल्या चार बायका सोडून गेल्या, त्यांनी वेगळा बचत गट काढला. काही जुन्या सहकाऱ्यांनी मला विचारले, “पाण्यासाठी झालेली एकी तू जातीवरून फोडलीस, काय मिळवलेस?”

या प्रश्नाचे उत्तर देणे भाग आहे. जी एकी वाडीच्या बायकांना मागे बसवून झाली होती ती त्यांच्यासाठी आधीच फुटलेली होती. आम्हाला ते दिसत नव्हते इतकेच. ‘आधी पाणी, मग जात’ असे म्हणणाऱ्यांना मी विचारते की पाणी मिळाल्यावर ते कुणाला मिळाले? धरणाचे पाणी आधी मुंबईला आणि उरले तर शहापूरला, यावर आपण रागाने बोलतो. तीच वाटणी आपल्या विहिरीच्या काठावर उतरली की तिला ‘गावची रीत’ म्हणतो. मुंबईकडे न्याय मागायचा तर तोच न्याय आपल्या पोहऱ्याने पाळायला नको का?

हा लेख टीकेसाठी नाही, कामासाठी लिहिला आहे. म्हणून चार गोष्टी मांडते.

एक, हंडा मोर्चा काढण्याआधी पाणवठ्यावर सलग आठवडाभर जाऊन फक्त रांग पाहावी. कोण पुढे, कोण मागे, कोण बसलेली, दोर कुणाच्या हातात. ते वहीत लिहावे.

दोन, मोर्चाची मागणी लिहिताना ‘टँकर वाढवा’ याच्या शेजारी ‘पाणी अमुक क्रमाने भरले जाईल’ असा आपला स्वतःचा ठरावही लिहावा आणि त्यावर गटातल्या सगळ्यांच्या सह्या असाव्यात. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. शहापूर पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला जास्त वजन आहे. तिथे हा ठराव मांडता येतो.

तीन, मोर्चात जिला पुढे ठेवायचे तिने निवेदनही द्यावे आणि अधिकाऱ्याशी बोलावेही. तिच्या फाटक्या लुगड्याचा फोटो आणि आमचे भाषण, ही वाटणी बंद करावी.

चार, जयंतीचा कार्यक्रम टँकरच्या वेळी ठेवू नये. ही साधी सूचना मी दर वर्षी करते. एका गावाने ती मानली, इतकेच नव्हे तर मंडपाआधी सगळ्यांना विहिरीवर नेले. पुरुषांनी त्या दिवशी पाणी शेंदून घराघरात पोचवले. एकच दिवस, हे खरे. तरी बायका सतरंजीवर वेळेवर येऊन बसल्या होत्या.

२०२७ हे महाडच्या सत्याग्रहाचे शताब्दी वर्ष. त्याची स्मारके, समारंभ, विशेषांक व्हावेतच. पण त्या निमित्ताने आपल्या संघटनांनी एक हिशेब मांडावा असे मला वाटते. तळे खुले होऊन शंभर वर्षांनी आपल्या गावच्या पाणवठ्यावर शेवटचा हंडा कुणाचा असतो? मैत्रिणींनो, उद्या पहाटे जाऊन बघा आणि जे दिसेल ते आपल्या मासिकाला लिहून कळवा. चांगले असेल तर कसे झाले ते लिहा. वाईट असेल तर लपवू नका, मीही लपवलेले नाही.